नाग घरी नसताना

१

वर्षातून एकच दिवस नाग घरी नसतात. नेपाळातल्या ललितपूरच्या त्या आळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जेठ महिन्यात सिठी नखाचा सण येतो, त्या दिवशी विहिरीतले नाग आपल्या कुळदैवताला जातात. कुळाचार त्यांनाही चुकलेला नाही. तेवढ्या एका दिवसात आळीने विहीर उपसायची, गाळ काढायचा, भिंती घासायच्या आणि दिवेलागणीच्या आत वर यायचं. एरवी कोणी विहिरीत पाऊल टाकलं, तर त्या घराचं काही खरं नाही.

हेरामाया महर्जन त्या सकाळी काठावर उभी होती. आईबाप लहानपणीच गेल्यावर ती याच आळीत अष्टमानमामांकडे वाढली होती, आणि आता तिचा टेम्पोही याच आळीच्या टोकाला चार्जिंगला लागायचा. विजेवर चालणारा, धूर न सोडणारा तीनचाकी सफा टेम्पो. आळीच्या टोकाची ती पत्र्याची शेड बायकांच्या संस्थेची होती. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, नवरा आखातात गेला तो गेलाच अशा, आणि एक-दोघी नुसत्याच हट्टी. सगळ्या मिळून शहराला इकडून तिकडे पोचवत होत्या.

यंदा मात्र सणाला कळा नव्हती. पावसाळ्यानंतर विहिरीचं पाणी हळूहळू आंबूस लागायला लागलं होतं. पोरांची पोटं दुखत होती. पंपाने पाणी उपसून झालं तेव्हा सगळे नाकाला पदर लावून खाली बघत होते.

पहिला मान मामांचा. विहिरीची राखण त्यांच्या घराण्याकडे. ते एकटेच दोराने उतरले, मग त्यांची पूजेची टोपली वरून सोडली गेली, लाल फडक्याने झाकलेली. दोर सोडणारा राजकाजी हात झटकत म्हणाला, “काय मामा, नागांना दगडाचे लाडू केलेत की काय? तळहात सोलला माझा!”

“कुदळ आहे आत,” खालून आवाज आला.

पूजा आटोपून मामा वर आले, मग राजकाजीसकट दोघेदोघे गाळ काढायला उतरले. दोन-चार घमेली वर आली नाहीत तोच राजकाजी खालून ओरडला. दोराला बांधून वर आली ती गाळाने माखलेली बॅटरी. टेम्पोची जाडजूड जुनी बॅटरी.

कोणीतरी बादलीभर पाणी ओतलं, बॅटरी उलटी केली. तळाला हिरव्या रंगात एक पाच पाकळ्यांचं फूल काढलेलं होतं.

संस्थेत प्रत्येक बाईची बॅटरीवर आपली खूण असते. कोणाचा मासा, कोणाची चांदणी. अदलाबदल होऊ नये म्हणून. फूल एकीचंच होतं.

“हेराचं!” कोणीतरी म्हणालं.

अष्टमानमामा विहिरीच्या काठावर मटकन खाली बसले. म्हातारा उतरून-चढून दमला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

२

मग जे व्हायचं तेच झालं. “धूर नाही, धूर नाही म्हणून मिरवत होत्या, आणि विष आमच्या विहिरीत!” एक म्हातारी कडाडली. धर्मरत्न साहू पुढे झाला. शेडची जागा त्याची, शेजारचं जुनं घर दुरुस्त करून काढलेलं हॉटेलही त्याचंच.

“मी तर केव्हाचा सांगतोय,” तो म्हणाला, “शेड उठवा. आज आळीच्या भजनाच्या ओसरीवर बैठक घ्या आणि निकाल लावा. उद्यापासून माझ्या जागेत एक वायर लागणार नाही.”

त्या शेडखेरीज जुन्या शहरात चार्जिंगची जागा नव्हती. शेड गेली की टेम्पो उभे, आणि टेम्पो उभे की चुली थंड.

“ही बॅटरी मी विकली होती,” ती म्हणाली. “गेल्या दसऱ्याला अख्खा संच मोडीत दिला. संस्थेतल्या सगळ्या साक्षीला आहेत!”

“चोराच्या उलट्या बोंबा,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात गर्दीतून एक तळहात वर आला. नुसता तळहात, बोटं जुळवलेली. गर्दी आपोआप थांबली. तो हात वीस-बावीस वर्षं जावलाखेलच्या चौकात उभा राहिला होता आणि त्याच्यापुढे मंत्र्यांच्या गाड्या थांबल्या होत्या.

देवकुमारी कार्की वाहतूक पोलिसातून निवृत्त होऊन आळीत भाड्याने राहत होत्या. मूळच्या पहाडातल्या. गळ्यात अजून शिट्टी, खिशात खोकल्यासाठी वेलदोडे. डिझेलच्या टेम्पोंचा काळा धूर गिळून गिळून छाती गेली होती बाईंची. हेराला त्यांनी एके काळी दोनदा दंड केला होता आणि आता रोज तिच्याच टेम्पोत पुढच्या सीटवर बसून त्या भाजीला जात. हेराला त्यांची अजूनही थोडी भीती वाटायची, आणि भीतीहून जास्त माया.

“जिला फाशी द्यायची ती जागची हलत नाहीये,” कार्की म्हणाल्या. “मला जरा ही बॅटरी बघू द्या.”

त्या उकिडव्या बसल्या. खोकला आला, तो जाऊ दिला. मग बॅटरीची झाकणं एकेक करून पिळून बघितली. एकही सैल नव्हतं. हेराकडून रबरी हातमोजा मागून घेतला, एक झाकण उघडलं आणि आत टॉर्च मारला.

“भरलेली आहे,” त्या म्हणाल्या. “काठोकाठ. कुठे तडा नाही, गळती नाही. जिच्यातून थेंब बाहेर गेला नाही ती विहीर कशी नासवेल?”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

कार्की मात्र अजून बसलेल्याच होत्या. बॅटरी उचलायच्या कडीखालच्या खोबणीतून त्यांनी नखाने काहीतरी खरवडून काढलं, रुमालात बांधलं आणि उठल्या.

“रात्री कोणी उतरून ठेवली असेल का ही?” त्यांनी सहज विचारलं.

आळीतल्या सगळ्यांनी एकदम कानाला हात लावले. “नाग घरी असताना? मॅडम, काहीतरीच काय!”

“बरं,” कार्की म्हणाल्या. “दिवेलागणीपर्यंत मला वेळ द्या.”

३

साहू हॉटेलच्या अंगणात गरम गरम वो खात बसला होता. सणाच्या दिवशी उडदाचे ते जाड घावन घरोघरी होतात. त्याने दोघींपुढे ताटली सरकवली. हेराने हात लावला नाही. कार्कींनी एक उचलला.

“तुम्हाला ती जागा हवी आहे,” त्या खाता खाता म्हणाल्या.

“हवीच आहे. लपवतोय कुठे?”

“मग विहीर नासल्याचा फायदा तुम्हालाच.”

साहू हसला. “मॅडम, माझ्याकडे गोरे पाहुणे येतात ते काय माझं तोंड बघायला? राजाच्या काळातली विहीर बघायला येतात. खिडकीतून दिसते म्हणून खोलीचे जास्त पैसे घेतो मी. आता नाक दाबून खिडकी लावून घेतात. मी माझ्याच ताटात माती कशाला कालवू?”

हे मात्र हेरालाही पटलं, आणि पटलं म्हणून तिला रागच आला. साहू दोषी निघाला असता तर किती सोपं झालं असतं.

तिथून त्या जैनुलकडे गेल्या. जैनुल वीरगंजकडचा. मोडीचं दुकान नदीच्या अंगाला. आळीतल्या निम्म्या लोकांनी सकाळपासून त्याच्यावर बोट रोखलं होतं, कारण परका माणूस बोट रोखायला बरा पडतो.

“या, या, दिदी. मला वाटलंच होतं,” तो स्टूल पुसत म्हणाला. “गावात मांजर मेलं तरी लोक आधी माझं दुकान बघतात.”

“संस्थेच्या जुन्या बॅटऱ्या तू घेतोस?”

“घेतो. पण सुक्या. गेल्या दसऱ्यापासून माझा मालक सीमेपलीकडून सांगतो, तेजाब भरलेला माल नाका ओलांडू देत नाहीत, रिकामा करून पाठव. मग मीही तेच सांगतो. रिकामी आणा, भाव घ्या.”

“रिकामी कोण करतं?”

“जो आणतो तो.” जैनुलने हेराकडे पाहिलं आणि नजर वळवली. “माझ्याकडे ओतायला जागा नाही, दिदी. माझी विहीर नाही, माझी नदी नाही. ते कुठे ओततात, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.”

परतताना हँडल हेराच्या हातात होतं. टेम्पो विजेवर सुंसुं करत चालला होता, मागे बसलेल्याने उतरायचं म्हणून टपावर नाणं वाजवलं, तरी तिला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा वाजवल्यावर तिने ब्रेक मारला.

“मॅडम,” ती म्हणाली, “दसऱ्यापासून तर पाणी बिघडलंय.”

“मी काही बोलले नाही,” कार्की म्हणाल्या.

४

शेडमध्ये सुंतली घिसिंग चार्जरच्या तारा गुंडाळत होती. संस्था तिने उभी केली होती. डोंगरातल्या तामांग गावातून आलेली, शहरात टेम्पोचं हँडल धरणाऱ्या पहिल्या बायकांतली. तेव्हा पुरुष चालक तिच्या टेम्पोपुढे आडवे उभे राहायचे, प्रवासी पायरीवरून मागे फिरायचे. ती फिरली नाही. हेराला गाडी शिकवली ती तिनेच. हेरा भाजीच्या टोपल्या वाहायची तेव्हा सुंतलीने तिला सांगितलं होतं, “डोक्यावर वाहतेस ते चाकावर वाहा. मान सुटेल.”

“बॅटरी आमची नाही, हे सिद्ध झालं ना?” सुंतलीने विचारलं.

“तिने विहीर नासवली नाही एवढं सिद्ध झालं,” कार्की म्हणाल्या. “मागचं दार उघडता?”

“कुलूप आहे. किल्ली सापडत नाही.”

कार्कींनी मान डोलावली. त्यांची नजर सुंतलीच्या पायांकडे होती. रबरी चपलांच्या कडांना पांढरं काहीतरी वाळून चिकटलं होतं. हेरानेही ते पाहिलं. रांगोळी असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

“जुन्या बॅटऱ्यांपैकी एखादी आळीत कोणाला दिली होती?”

“दिली होती की. भजनवाल्यांना. वीज जाते म्हणून ओसरीवरच्या दिव्यासाठी मागितली होती त्यांनी. दसऱ्याला मोडीतली एक भरलेली दिली, धर्म म्हणून.” सुंतली बोलता बोलता थांबली. “का?”

“सहज.”

कार्की बाहेर आल्या, थेट विहिरीवर गेल्या आणि काठाला धरून वाकल्या. “हेरा, इकडे ये. काय दिसतं सांग.”

“गाळ काढतायत.”

“भिंती बघ.”

विहिरीच्या विटांतून नेचे उगवले होते. हॉटेलच्या अंगाला हिरवेगार. मंदिराच्या अंगाला हिरवे. मामांच्या घराच्या अंगाला हिरवे. चौथ्या अंगाला, काठापासून हातभर खालपासून तळापर्यंत, सगळे नेचे तपकिरी होऊन गळून पडले होते. विटांवर पांढुरके ओघळ होते.

चौथ्या अंगाला काय आहे ते बघायला हेराला मान वळवायची गरज नव्हती. आयुष्याची निम्मी वर्षं ती त्या पत्र्याखाली टेम्पो लावत होती.

“चुना,” ती कशीबशी म्हणाली. “सुंतलीदिदीच्या चपलेला चुना होता.”

कार्कींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “हे बघ. माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. बॅटरी कोणी ठेवली, हे एक. विहीर कोणी नासवली, हे दुसरं. पहिलं सांगितलं की आळी तुमची माफी मागेल, शेड वाचेल, उद्या सकाळी तू गाडी काढशील. पहिलं मी सांगणार आहे, कारण तुझ्यावर खोटा आळ आलाय. दुसरं…” त्यांना खोकल्याची उबळ आली. ती सरेपर्यंत त्या काठ धरून उभ्या राहिल्या. “दुसरं तुमच्या घरातलं आहे. ते कोणी सांगायचं ते तू ठरव. अंधार पडायच्या आत.”

५

ओसरीवर सगळी आळी जमली. साहू खांबाला टेकून बसला होता. जैनुलला बोलावलं होतं, तो पायरीवर, चपलांजवळ. एका बाजूला संस्थेच्या बायका, एकमेकींना चिकटून. मामा भजनाच्या पेटीजवळ भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखे बसले होते.

कार्कींनी रुमाल सोडला. आत कुंकवात माखलेले तांदळाचे चार दाणे.

“हे बॅटरीच्या कडीखाली होते,” त्या म्हणाल्या. “दही, तांदूळ आणि कुंकू. टिका. राजकाजी, दाणा दाबून बघ.”

“कडक आहे,” राजकाजी म्हणाला. “कोरडा ठक्क.”

“तांदूळ पाण्यात एक रात्र राहिला तर काय होतं, ते इथल्या बायकांना मी सांगायला नको. म्हणजे ही बॅटरी पाण्यात कधी बुडलीच नाही. विहीर उपसून झाल्यावर ती खाली गेली. आज सकाळी, तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.”



“दुसरं. हा टिका एका दिवसाचा नाही, थरावर थर आहेत. टेम्पोच्या बॅटरीला टिका कधी लागतो?”

“दसऱ्याला,” सुंतली म्हणाली. “वर्षातून एकदा.”

“मग रोज टिका लागेल अशी बॅटरी कुठे असते?” कार्कींनी कोपऱ्यातल्या लाकडी खोक्याकडे हात केला. ओसरीवरच्या दिव्याची तार त्यात जात होती. “काल भजन तेलाच्या समईवर झालं. मी खिडकीतून ऐकत होते. वीज तर गेलेली होतीच, ती रोजच जाते. दिवा का लागला नाही?”

एका भजनवाल्याने उठून खोक्याचं झाकण काढलं. खोकं रिकामं होतं.

“आता उरला एकच प्रश्न. खाली नेली कोणी? मागून उतरलेले दोघेदोघे गेले, एकाला दुसरा साक्षीदार. एकटा उतरला तो एकच माणूस, आणि त्याच्या पूजेच्या टोपलीने राजकाजीचा तळहात सोलून निघाला.”

कार्कींनी नाव घेतलं नाही. त्याआधीच अष्टमानमामा उठले होते.

“मीच ठेवली,” ते म्हणाले.

“मामा!” हेराच्या तोंडून निघून गेलं.

“तळाचं फूल मी पाहिलं नव्हतं, पोरी. खोक्यात होती, तशीच उचलली. तुझी आहे हे कळलं तेव्हा पायातलं बळच गेलं माझं.” “निघताना तिलाही टिका लावला. भजनाआधी पेटीला, दिव्याला, बॅटरीला लावतो, ती रोजची सवय. खोटं काम करतोय, माफ कर म्हणून.”

ओसरी उसळली. “म्हातारपणी हे धंदे!” “पवित्र विहिरीत!” “साहूने पैसे चारले असतील!” साहू उठून उभा राहिला, “माझं नाव घेऊ नका!” एकच गलका. “का केलंत? बोला की!” लोक विचारत होते आणि मामा बोलत नव्हते. त्यांनी एकदा भाचीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

संस्थेच्या बायका मात्र उठून एकमेकींना मिठ्या मारत होत्या. सुटलो! शेड वाचली! सुंतली डोळे पुसत होती.

कार्कींनी फक्त तळहात वर केला आणि हेराकडे बघितलं.

६

हेरा उभी राहिली. बाहेर ऊन कौलांवर चढलं होतं.

“मामांनी का केलं, ते मी सांगते,” ती म्हणाली. “विहीर आम्हीच नासवली म्हणून.”

सुंतलीने चटकन वर पाहिलं.

“दसऱ्यापासून जैनुलभाई सुक्या बॅटऱ्या घेतो. त्यातलं ॲसिड आम्ही शेडच्या कुलपाच्या मागच्या दाराआडच्या शोषखड्ड्यात ओततो. ते जमिनीतून विहिरीत उतरतं. शेडच्या अंगाचे नेचे मेलेत, जाऊन बघा. मामा विहिरीची राखण करतात, त्यांच्या ते आधी लक्षात आलं असणार. मामा, तुम्ही कोणाला सांगितलं होतंत?”

“दोनदा सांगितलं,” मामा हळूच म्हणाले. “सुंतलीला. मग इथे ओसरीवर. सगळे हसले. ‘मामा, त्या टेम्पोंना धूर नाही, परदेशातून लोक फोटो काढायला येतात, आणि तुम्ही म्हणता घाण?’ न दिसणाऱ्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवेना. म्हटलं, दिसेल असं काहीतरी ठेवू. आजच्या दिवशीच उतरता येतं.”

आता सगळे सुंतलीकडे बघत होते. तिने चपलांच्या पांढऱ्या कडा एकमेकींवर घासल्या.

“मी चुना टाकत होते,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी, दोन-दोन घमेली. चुन्याने ॲसिड मरतं. नीट पाठवायचं तर भरलेल्या बॅटऱ्या पार तराईतल्या कारखान्यात न्याव्या लागतात, ट्रक भाड्याने, परवाना काढून. तो खर्च वाचवला. नव्या जातीच्या बॅटऱ्या घ्यायच्या होत्या. मोठ्या बसवाले टपून बसलेत आमच्या रस्त्यावर. नव्या घेतल्या नाहीत तर या सगळ्या पोरी…” तिने बायकांच्या घोळक्याकडे हात केला. “मामांना मी म्हणाले होते, साहूची भाषा बोलू नका. चुकलं माझं.”

“ॲसिड मरतं,” कार्की म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीपेक्षा मऊ होता. “पण त्यात विरघळलेलं शिसं जात नाही. मला माहीत आहे, कारण ते माझ्या रक्तात निघालंय. चौकात उभी होते ना, शिसं घातलेल्या पेट्रोलच्या दिवसांत. मग एक दिवस डिझेलवाले हद्दपार झाले आणि या बायका आल्या. त्या सकाळी मी नाक शिंकरलं आणि रुमाल पांढरा राहिला. घरी जाऊन रडले मी. सुंतली, तुझ्यामुळे मी जिवंत आहे. म्हणून सांगते, जे माझ्या अंगातून तू काढलंस ते आळीतल्या पोरांच्या अंगात घालू नकोस.”

सुंतली हुंदके देऊन रडायला लागली. मग जी म्हातारी सकाळी कडाडली होती तीच उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

आता लढाई निकालाची होती. साहू म्हणाला, कबुली झाली, शेड उठवा. राजकाजी म्हणाला, बैठकीत खरं बोललेल्याला आपण उठवलं तर पुढच्या वेळी कोण बोलेल? वादावादी वाढली. शेवटी मामांनीच तोडगा काढला. पुढच्या सिठी नखाला ते पुन्हा उतरतील. शेडच्या अंगाला नेचे हिरवे दिसले तर शेड राहील, नाही तर बायका आपणहून जातील. तोवर पाणी प्यायचं नाही, तपासून घ्यायचं. खड्डा खणून काढायचा, जुन्या बॅटऱ्या भरलेल्याच कारखान्यात जाणार, खर्च संस्थेचा. साहूने थोडी कुरकुर केली. खिडकीतून पुन्हा विहीर दिसेल हे लक्षात आल्यावर तो गप्प बसला. आळीतल्या मुलांचं रक्त तपासायचं हे कार्कींनी सुचवलं, आणि सुंतलीने नव्या बॅटऱ्यांसाठी साठवलेले पैसे त्यासाठी काढून दिले.

“ते सगळं उद्या,” हेरा म्हणाली. “पण तळाचा गाळ अजून निम्मा खाली आहे. आज काढला नाही तर वर्षभर तसाच राहील.”

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. खाली उतरलेल्यांच्या पायांची दुपारपासून आग होत होती. ॲसिडच्या गाळात पुन्हा कोण उतरणार?

“आमच्याकडे रबरी बूट आहेत,” हेरा म्हणाली. “हातमोजे आहेत. घाण आमची आहे.”

“बायका विहिरीत?” कोणीतरी म्हणालं.

मामांनी दोर उचलला. “हिच्या कमरेला मी बांधतो,” ते म्हणाले.

मग त्या आळीने कधी न पाहिलेलं पाहिलं. ज्या बायकांना साहूने सकाळी उठवायला काढलं होतं त्या एकेक करून विहिरीत उतरल्या, गुडघ्यापर्यंत बूट, तोंडाला फडकी. सुंतली सगळ्यांत आधी. गाळ वर आला तो शेतात नाही टाकला, झाकणाच्या पिंपांत भरला, बॅटऱ्यांबरोबर पाठवायला. जैनुलने दुकानातली पिंपं आणून दिली, फुकट. काठावर कार्की शिट्टी वाजवून घमेली वर-खाली सोडवत होत्या, जणू तोच जावलाखेलचा चौक. हेराने एकदा खालून मान वर केली तेव्हा गोल आभाळात त्यांचा तळहात दिसला. असल्या बाईने आपल्याला दंड केला होता याचा तिला अभिमान वाटला.

पण काम उरकेना. आभाळ तांबूस झालं, मग राखाडी. ओसरीवर पहिली पणती लागली. वरचे लोक चुळबुळ करायला लागले. दिवेलागण झाली की नाग परततात. हेराला खालूनही ती चुळबुळ ऐकू येत होती. शेडच्या अंगाचा एक पट्टा अजून घासायचा राहिला होता, चुन्याच्या ओघळांचा.

“मामा!” तिने हाक मारली. आवाज विहिरीत घुमला. “दिवे लागले का?”

“लागले.”

“मग वर येऊ? नाग आले असतील.”

उभ्या आयुष्यात अष्टमानमामांनी दिवेलागणीनंतर विहिरीत कोणाची सावली पडू दिली नव्हती. मग हेराच्या कमरेचा दोर जरा सैल झाला, तिला बसून घासता यावं इतका.

“आले असले तर थांबतील काठावर,” मामा म्हणाले. “मी सांगतो त्यांना. म्हणावं, घर झाडायला लेकी आल्यात.”